आपली मोरी कुठल्या ओढ्याला मिळते?

माझी मावशी सोलापूरला राहते. तिच्या नळाला उजनीचं पाणी येतं. मी पुण्यात, कोथरूडला. माझ्या मोरीतलं पाणी शेवटी मुठेला जातं. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा उजनीच्या धरणात. तिथून पुढे सुटलेलं पाणी पंढरपुरात पोचलं की त्याला आपण चंद्रभागा म्हणतो आणि त्यात उभं राहून हात जोडतो. हा सगळा प्रवास शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिला होता. त्या नकाशावर माझं स्वयंपाकघर कुठे आहे, हे मात्र कधी बघितलं नव्हतं. मावशीनं एकदा हंड्यावर फडकं बांधता बांधता विचारलं, "तुमच्याकडनं काय काय सोडता गं खाली?" तेव्हापासून बघायला लागले.

एक गोष्ट आधीच सांगते. पुण्याच्या नद्या घरगुती सवयींनी एकट्या साफ होणार नाहीत. मैलापाणी शुद्ध करणं हे महापालिकेचं काम आहे, कारखान्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवणं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पुण्यासाठी 2016 मध्ये जपानच्या जायका संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला, तो मिळून रोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेच्या 11 नव्या शुद्धीकरण केंद्रांसाठी. इतकं मोठं काम घराघरांतून होत नाही. पण केंद्र कितीही चांगलं असलं, तरी काही गोष्टी त्याला काढता येत नाहीत, काही त्याचं काम बिघडवतात, आणि काही पाणी तर त्या केंद्रापर्यंत जातच नाही. या तीन गोष्टी घरातच थांबवाव्या लागतात. पुढे जे लिहिलंय ते एवढ्याच हिशेबानं लिहिलंय. उदाहरणं पुण्याची आहेत, पण तुमचं गाव पंचगंगेवर असो की गोदावरीवर, पद्धत हीच.

आधी पाण्याचा माग काढा

साबण बदलण्याआधी, काहीही विकत आणण्याआधी हे काम करा. यात एक रविवार सकाळ जाते आणि बाकी सगळ्याचा पाया यावरच आहे.

साधारण प्रत्येक इमारतीला दोन वेगळ्या लाइन असतात. एक ड्रेनेजची. संडास, बाथरूम आणि सिंकचं पाणी तिच्यातून मैलापाणी केंद्राकडे जातं, किंवा निदान जायला हवं. दुसरी पावसाळी लाइन. गच्ची, बाल्कनी, पार्किंग आणि रस्त्याचं पाणी तिच्यातून जवळच्या ओढ्यात जातं, आणि ते थेट जातं. मध्ये कुठलंही केंद्र नाही, जाळीसुद्धा बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे पार्किंगमध्ये ओतलेली साबणाची बादली आंबील ओढ्यात किंवा रामनदीत तशीच्या तशी उतरते.

आता तपासणी. पाऊस नसलेल्या दिवसांत करा, उन्हाळ्यात सगळ्यात उत्तम. बादलीभर पाण्यात अर्धा चमचा हिरवा खाण्याचा रंग मिसळा. घरातल्या एकाला खाली चेंबरपाशी उभं करा, फोनवर बोलत राहा, आणि एकेका जागी एकेक बादली ओता: आधी ड्राय बाल्कनी, मग सिंक, मग बाथरूम. हिरवं पाणी कुठल्या चेंबरमध्ये उतरतं ते लिहून ठेवा. चेंबरचं झाकण एकट्यानं उचलू नका, वाकून तोंड आत घालू नका, आतला वायू घातक असू शकतो. वॉचमन किंवा प्लंबरला सोबत घ्या.

चेंबर कुठलं आहे हे कसं ओळखायचं? ड्रेनेजच्या चेंबरला दिवसभर थोडं तरी पाणी असतं आणि वास असतो. पावसाळी चेंबर एप्रिल-मेमध्ये कोरडं ठणठणीत हवं. ते ऐन उन्हाळ्यात वाहत असेल तर समजा, कुणाच्या तरी घरातलं पाणी त्यात चुकून जोडलंय.

आमच्या इमारतीत ते आमच्याच घरातलं निघालं. कपडे धुण्याचं मशीन ड्राय बाल्कनीत, आणि बाल्कनीचा पाइप पावसाळी लाइनला. वर्षानुवर्षं आमचं सगळं साबणाचं पाणी ओढ्यात जात होतं. ही चूक फार घरांत सापडते, कारण बिल्डरनं ती जागा पावसाच्या पाण्यासाठी काढलेली असते आणि मशीन आपण नंतर ठेवतो. उपाय सोपा आहे. मशीनचा पाइप लांब करून बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडायचा, किंवा प्लंबरकडून ड्रेनेजला वेगळी जोडणी करून घ्यायची. जोडणी करताना ट्रॅप बसवायला विसरू नका, नाहीतर गटाराचा वास घरात येतो आणि मग कोणीतरी वैतागून पुन्हा पाइप बाल्कनीत टाकतं.

उलटी चूकही होते. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचलं की ड्रेनेजचं झाकण उघडून ते आत सोडतात. त्यानं ड्रेनेज लाइनची क्षमता संपते, पुढच्या चौकातलं चेंबर उसळतं आणि मैला रस्त्यावरून ओढ्यात जातो. त्या दिवशी शहराचं केंद्र चालू असून नसल्यासारखं होतं.

सिंक: इथे सगळ्यात जास्त फरक पडतो

पाण्यात गेलेलं अन्न जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. नदी मरते ती बहुतेक वेळा अशी, गुदमरून. माशांना लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. पुण्याच्या उन्हात, 25 अंशांच्या आसपास, अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो. शिल्लक फारशी नसतेच.

यात एक पेला दूध किती जड पडतं पाहा. एक लिटर दूध पूर्ण कुजायला साधारण 1 लाख मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे नासलं म्हणून ओतून दिलेल्या 200 मिलिलिटर दुधाला 20 ग्रॅम. लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या हिशेबानं 2500 लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू त्यात संपेल. दुसऱ्या बाजूनं पाहा: मैलापाणी केंद्राचा आराखडा करताना एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याचा हा भार सुमारे 27 ग्रॅम धरतात. एक पेला नासकं दूध म्हणजे जवळजवळ पाऊण माणूस वाढला. ताक, आंबलेलं इडलीचं पीठ, भाताची पेज, उरलेली आमटी, पाक, सगळ्यांचं असंच, कमी-जास्त प्रमाणात.

म्हणून सिंकपाशी या सवयी लावा.

ताट सिंकमध्ये ठेवायच्या आधी खरकटं पुसून ओल्या कचऱ्यात. हाताशी एक रबरी पट्टी किंवा नारळाच्या शेंडीचा तुकडा ठेवला तर दहा सेकंदांचं काम आहे. भांडी घासायला ताई येत असतील तर हे काम त्यांच्यावर ढकलू नका, घरातल्यांनी आपापलं ताट पुसून ठेवावं. त्यांचा वेळ वाचतो, पाणी आणि साबण दोन्ही कमी लागतं.

सिंकच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. भोकं मोठी असलेली स्टीलची जाळी भाताची शितं अडवत नाही, तेव्हा आतून दुसरी बारीक जाळी टाका. चहाचा चोथा कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये. सिंकखाली खरकटं दळून टाकणारं यंत्र बसवू नका. ओला कचरा बारीक केला म्हणून नाहीसा होत नाही, घंटागाडीऐवजी ड्रेनेजमधून जातो एवढंच.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना. पेज आणि ताक घट्ट असेल तर चौपट पाणी घालून, एकाच कुंडीत रोज न ओतता फिरवून घाला, नाहीतर मातीला आंबूस वास येतो आणि चिलटं होतात. नासलेलं दूध आंबट वासापलीकडे गेलं नसेल तर फाडून त्याचं पनीर करा, ते पाणी कणकेत. खरोखर टाकायचंच असेल तर वाळलेल्या पानांच्या कंपोस्टमध्ये थोडं थोडं जिरवा.

तेलाबद्दल जरा थांबून सांगते, कारण दिवाळीच्या फराळानंतर इथेच सगळ्यांचं चुकतं. तळणीचं तेल गरम पाणी आणि साबण घालून सिंकमधून घालवलं की गेलं असं वाटतं. ते पुढे पाइपात थंड होऊन भिंतीला चिकटतं, त्यावर शितं आणि केस अडकतात, लाइन तुंबते. केंद्रात पोचलं तर पाण्यावर तवंग धरून जिवाणूंना हवा मिळू देत नाही. तळणीचं तेल गाळून पुढच्या दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा. काळं, दाट झालेलं, फेस येणारं तेल खाऊ नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 पासून वारंवार तापवलेल्या तेलाला कायद्यानं मर्यादा घातली आहे. असं तेल थंड करून जुन्या बाटलीत साठवा. काही शहरांत बायोडिझेलसाठी ते गोळा करणाऱ्या संस्था आहेत, सोसायटीनं मिळून विचारलं तर त्या येतात. कोणी घेत नसेल तर लाकडाच्या भुशात किंवा वर्तमानपत्राच्या चुरगळ्यात शोषून कचऱ्यात द्या. कढई घासायच्या आधी जुन्या कागदानं पुसा. तो एक कागद साबणाचे दोन चमचे वाचवतो.

पितळ-तांब्याला चिंच, आमसूल, लिंबाची पिळलेली साल पुरते. हे तुमच्या आजीला माहीत होतं.

कपडे: फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

दर पावसाळ्याच्या आसपास आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्यात कारखान्यांचा आणि न शुद्ध केलेल्या मैलापाण्याचा वाटा मोठा आहे, पण फेस धरायला लागतात ती द्रव्यं साबण-पावडरींमध्ये असतात. बंधाऱ्यावरून पाणी उसळलं की ती फेसाळतात. अशीच द्रव्यं माशांच्या कल्ल्यांवरचा पातळ थर खराब करतात.

कमी पावडर हाच सगळ्यात मोठा उपाय, आणि त्याला पैसे लागत नाहीत. खडकवासल्याचं पाणी सौम्य आहे, त्यात साबण चटकन लागतो. पुण्यात नळाच्या पाण्यावर कपडे धुणारं जवळजवळ प्रत्येक घर गरजेपेक्षा जास्त पावडर टाकतं. तपासून बघायची पद्धत अशी: नुकतेच धुतलेले, वाळलेले कपडे मशीनमध्ये टाकून पावडरीशिवाय फक्त पाण्यात फिरवा. काचेतून किंवा झाकण उघडून पाहा. फेस आला तर तो गेल्या वेळचा साबण आहे, तुमच्या कपड्यांत राहिलेला. अंगाला खाज येते, तिचं एक कारण इथेच असू शकतं.

मग दर आठवड्याला माप पाव भागानं कमी करत जा. कॉलर आणि बाह्या स्वच्छ निघत नाहीत असं वाटलं की एक पायरी मागे या. आमच्या घरी हे माप अर्ध्यापेक्षा थोडं वर येऊन थांबलं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल त्या दिवशी जास्त लागेल, ते मान्य करा. कॉलरला आधी हातानं साबणाची वडी चोळली तर सगळ्या मशीनभर पावडर वाढवावी लागत नाही.

पाकिटावर 'फॉस्फेटमुक्त' लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या. फॉस्फरस हे जलपर्णीचं आवडतं खत. मुळा आणि पवनेवर मार्चपासून हिरवी गादी पसरते आणि पुढे उजनीपर्यंत पसरत जाते, तिला हेच खत पोसतं. अर्थात सांडपाण्यातला बराचसा फॉस्फरस माणसाच्या मलमूत्रातून येतो, तो साबण बदलून थांबत नाही. पण आपल्या हातात असलेला वाटा तर कमी करू.

आता रिठ्याविषयी, कारण 'नैसर्गिक आहे म्हणजे नदीला चालतं' हे मी खूप ऐकते. रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो आणि सॅपोनिन माशांना घातक असतं. सह्याद्रीत गेळाची फळं ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे पकडायचे ही जुनी रीत आहे, तिच्यामागेही हेच द्रव्य. रिठा चांगलाच आहे, तो लवकर कुजतो, केंद्रातल्या जिवाणूंना जड जात नाही. पण ते पाणी ड्रेनेजमधून जाऊ द्या. ओढ्याच्या काठावर रिठ्यानं कपडे धुणं आणि पावडरीनं धुणं यात माशाला फारसा फरक नाही.

मशीन पूर्ण भरल्यावरच लावा, आणि एकदा घातलेली जीन्स लगेच धुवायला टाकू नका. पॉलिस्टरचे बारीक धागे प्रत्येक धुण्यात सुटतात. तेवढं धुणं टळलं तर तेवढे धागे टळले.

संडास-बाथरूम

मैलापाणी केंद्रात खरं काम जिवाणू करतात. यंत्रं त्यांना फक्त हवा आणि वेळ देतात. सेप्टिक टाकीतही तेच. म्हणून रोज अ‍ॅसिड, ब्लीच आणि फिनेल ओतणं म्हणजे कामगारांना रोज विष पाजण्यासारखं आहे. संडासाचं भांडं रोज घासायला ब्रश आणि थोडा साबण पुरतो. जड पाण्याचे पांढरे-पिवळे डाग बसले असतील तर ते क्षारांचे असतात. रात्री भांड्यातलं पाणी कमी करून दोन-तीन चमचे लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून ओता, सकाळी घासा. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

संडासात तीनच गोष्टी जाव्यात: मल, मूत्र, पाणी. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, कंडोम, केसांचे गुंते, कानातल्या काड्या यांपैकी काहीही नाही. वाइप्सच्या पाकिटावर काहीही छापलेलं असलं तरी त्यातले बरेच प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात, ते विरघळत नाहीत. लाइन यांनीच तुंबते आणि मग कोणालातरी ती हातानं मोकळी करावी लागते. पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं यासाठी एक साधी पद्धत रुजवली: पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळायचा आणि वर ठसठशीत लाल ठिपका काढायचा. वेचणाऱ्या ताईला न उघडता कळतं आत काय आहे. ठिपक्यासाठी स्केचपेन बाथरूमच्या खिडकीतच ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही.

औषधांचं वेगळं सांगायला हवं. केंद्र अन्नाचा भार काढू शकतं, पण प्रतिजैविकं, संप्रेरकं आणि वेदनाशामकांचे अंश पूर्णपणे काढणं त्याला जमत नाही. उरलेल्या गोळ्या आणि सिरप संडासात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या वापरलेल्या चोथ्यात मिसळा, बंद डबीत घाला, घरगुती घातक कचऱ्यात वेगळ्या द्या. सिरप कागदाच्या लगद्यात शोषून त्याच डबीत. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, त्यातला तिसरा डबा बहुतेक घरांत नसतोच. बुटांचं एक रिकामं खोकं कपाटाच्या तळाशी ठेवा: औषधं, बॅटरी, ट्यूबलाइट, कीटकनाशकाचे डबे, रंगाचे उरलेले डबे. वर्षातून दोनदा ते द्यायचं.

अंगण, गाडी आणि पहिला पाऊस

इथलं सगळं पावसाळी लाइनमधून सरळ ओढ्यात जातं, म्हणून इथे शिस्त सर्वांत कडक हवी.

गाडी पाइपनं आणि शॅम्पूनं धुण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. धुवायचीच असेल तर मातीच्या जागेवर, साबणाशिवाय. इंजिन ऑइल घरी बदललं तर ते डब्यात भरून गॅरेजला द्या. घराला रंग दिला की रंगारी ब्रश पार्किंगच्या नळाखाली धुतात आणि ओढ्याचं पाणी दुधाळ होतं. त्यांना आधीच एक बादली द्या. ब्रश तिच्यात धुवायचे, रात्रभर निवू द्यायचं, वरचं पाणी संडासात, तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात. आणि हे काम सुरू होण्याआधी बोलून ठेवा. काम संपताना सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

कुत्र्याची विष्ठा उचला. पावसाळी गटारातून ती सरळ ओढ्यात जाते. आंघोळीला योग्य पाण्याचा निकष 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 500 पर्यंत असावेत असा आहे, 2500 च्या वर तर नाहीच.

राडारोडा ओढ्याच्या काठावर 'तात्पुरता' टाकू नका, आणि टेम्पोवाल्यानं कुठे टाकला ते विचारा. ओढ्याचं पात्र असंच अरुंद होतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. त्या रात्री खूप पाऊस झाला हे खरं, पण पाण्याला जायला जागाही राहिली नव्हती.

पावसाचं पाणी जितकं जागेवर मुरेल तितकं ओढ्याला बरं. झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून मीटरभर माती मोकळी करा, त्यावर वाळलेली पानं अंथरा. गच्चीचं पाणी गाळणीतून पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा. पार्किंगचं किंवा रस्त्याचं पाणी मात्र बोअरमध्ये कधीही सोडू नका, तेल आणि घाण थेट भूजलात जाते. पहिल्या एक-दोन पावसांचं गच्चीचं पाणीसुद्धा बाहेर जाऊ द्यावं, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. मुठेच्या काठावर अजून जिवंत झरे आहेत. उन्हाळ्यात नदीत जे काही स्वच्छ पाणी येतं ते त्यांचं, आणि ते आपल्या अंगणांत मुरलेल्या पावसातून येतं.

गणपती आणि निर्माल्य

मूर्ती शाडूची, लहान, रंग कमी. विसर्जन घरी बादलीत. शाडू पूर्ण विरघळायला एक-दोन दिवस लागतात. ती माती वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला द्या किंवा कुंडीत घाला, पण थर पातळ ठेवा, शाडू चिकट असते आणि पाण्याचा निचरा अडवते.

घरात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेली पद्धत वापरा. मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट (बेकरीत वापरतात तो) बादलीभर पाण्यात विरघळवायचा आणि मूर्ती त्यात ठेवायची. दोन दिवस, मधून मधून हलवत. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गच्चीत किंवा मोकळ्या हवेत, लहान मुलांपासून दूर. तळाला खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत आहे. ते पाणी भरपूर पातळ करून फुलझाडांना घाला. मूर्तीच्या रंगांत जड धातू असू शकतात, म्हणून भाजीला आणि तुळशीला नको.

निर्माल्य नदीत सोडणं हा भक्तीचा भाग आहे असं माझ्या सासूबाईंना वाटायचं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कंपोस्टचा एक माठ वेगळा काढला, त्यात फक्त निर्माल्य. दसऱ्यापर्यंत त्याची काळी माती झाली आणि ती त्यांनी स्वतः तुळशीला घातली. दोरे, जरीच्या कडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आधी काढून टाका, त्या कुजत नाहीत.

ड्रेनेज नसेल तर सेप्टिक टाकी

भूगाव, भुकूम, बावधनसारख्या रामनदीच्या काठच्या वाढत्या गावांत अनेक घरांना अजून सेप्टिक टाकीच आहे. टाकी भरून वाहेपर्यंत थांबायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती उपसावी लागते, नाहीतर गाळ पुढे सरकतो आणि टाकीतून निघणारं पाणी जवळजवळ कच्चा मैलाच असतं. टाकीचा शेवटचा पाइप शोषखड्ड्यात जातो की मागच्या नाल्यात, हे हिरव्या रंगानंच तपासता येतं, फक्त दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागतं. उपसणाऱ्या गाडीवाल्याला गाळ कुठे रिकामा करणार ते विचारा आणि केंद्रावर नेणाऱ्यालाच काम द्या. रात्री ओढ्यात सोडणारा स्वस्त पडतो, तुमची टाकी साफ होते आणि ओढ्याची होत नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे आणि आतल्या वायूनं माणसं मरतात.

सोसायटीचं केंद्र आणि तक्रार

मोठ्या सोसायट्यांना स्वतःचं मैलापाणी केंद्र असतं. ते चालू आहे का, हे समितीत नसलेल्या माणसालाही पाहता येतं. वीज वाचवायला हवा देणारा ब्लोअर रात्री बंद ठेवला जातो का, ते रात्री अकराला खाली जाऊन आवाजावरून कळतं. हवेच्या टाकीतलं पाणी कॉफीसारखं तपकिरी असावं. काळं आणि कुजकट वासाचं असेल तर हवा कमी पडतेय. नेहमीच्या गाळ-पद्धतीचं केंद्र (जिवाणूंचा गाळ हवेच्या टाकीत पाण्यात फिरत ठेवणारं) असेल तर चालवणाऱ्या दादांना त्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या उंच भांड्यात काढून द्यायला सांगा. अर्धा तास न हलवता ठेवलं की गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला हवं. सभेत दर महिन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि त्यातला बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल त्याचा, आकडा मोठ्यानं वाचून घ्या.

हे सगळं एकट्यानं करताना दमायला होतं. पुण्यात 'जीवितनदी' ही संस्था रसायनं कमी करणारी जीवनशैली आणि नदीकाठाचे तुकडे दत्तक घेणं या दोन्हींवर काम करते. तुमच्या गावातही असा गट असेल. त्यांच्याबरोबर एकदा ओढ्याच्या काठानं चालून या.

चालताना ओढ्यात पाइप दिसला तर फोटो काढा. फोटोत एखादी ओळखीची खूण येऊ द्या, पूल, मंदिर, विजेचा खांब आणि त्यावरचा क्रमांक. पाण्याचा रंग, वास, फेस आहे का, आणि तारीख-वेळ लिहा. वेळ सर्वांत महत्त्वाची. पाइप दिवसा कोरडा असतो आणि रात्री साडेअकराला वाहतो असं तीन वेळा लिहिलेलं असेल, तर तपासणीला येणारा माणूस रात्री येतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी त्या पोचेवरचा क्रमांक सांगून पुन्हा विचारा. आमच्या ओढ्यावरच्या एका पाइपसाठी मला अशा चार पोचा घ्याव्या लागल्या. चौथीनंतर ती जोडणी ड्रेनेजकडे वळवली गेली.